निजेतले अस्वस्थ पाय

प्रस्तावना

दिवसभराच्या श्रमानंतर अंथरुणाला पाठ टेकण्यासारखे दुसरे सुख नाही. परंतु झोप लागली म्हणजे शरीर पूर्णपणे थांबते असे नाही. श्वास चालू असतो, हृदय धडधडत असते, डोळ्यांची बुबुळे पापण्यांआड फिरत असतात आणि कधी कधी पायही हलतात. घरातील माणसे कधी त्याला हसतात, कधी घाबरतात, बहुतेक वेळा दुर्लक्ष करतात.

झोपेत पाय हलण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतील काही अगदी स्वाभाविक, तर काही उपचाराची वाट पाहणारी असतात. ती एकमेकांपासून कशी ओळखावीत आणि त्या कामी आपली भाषा कशी उपयोगी पडते, हे या माहितीपर पाठात पाहू या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• झोपेत पाय हलण्याची प्रमुख कारणे सांगू शकाल;
• स्वाभाविक हालचाल आणि विकार यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• शरीरातील लोह व झोप यांचा संबंध समजावून देऊ शकाल;
• शारीरिक संवेदना व्यक्त करणारे मराठी शब्द नेमकेपणाने वापरू शकाल;
• झोपेविषयीच्या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करू शकाल.

१८.१ मूळ पाठ

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. सुरतमधील एका दोन खोल्यांच्या घरात सगळे निजले आहेत. जागी आहे ती फक्त आई. ही आई कल्पनेतली आहे. पण तिची व्यथा कल्पनेतली नाही. नवऱ्याच्या कामासाठी पंधरा वर्षांपूर्वी ती खानदेशातून येथे आली. दिवसभर ती शिलाई यंत्रावर बसते. संध्याकाळ झाली की तिच्या पोटऱ्यांत काहीतरी सुरू होते आणि अंथरुणावर पडल्यावर ते वाढत जाते. ती पाय लांब करते, आखडून घेते, भिंतीला टेकवते. शेवटी उठते आणि अंधारातच चुलीपासून दारापर्यंत येरझारा घालते. चालू लागली की बरे वाटते. पडली की पुन्हा तेच. पहाटे केव्हातरी तिचा डोळा लागतो. सकाळी नवरा म्हणतो, “अगं, रात्रभर लाथा मारत होतीस.” तिला त्यातले काहीच आठवत नाही.

ती दवाखान्यात गेली नव्हती असे नाही. परंतु तेथे बोलण्यासाठी तिच्याजवळ हिंदीतले एकच वाक्य होते – “पैरों में दर्द है.” दर्द म्हटल्यावर वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. त्या तिने घेतल्या. रात्री मात्र तशाच राहिल्या.

तिला काय झाले असावे? उत्तर शोधण्यापूर्वी, निजलेल्या माणसाचे पाय मुळात हलतात तरी का, ते पाहू.

निजलेल्या देहाची हालचाल

उंबऱ्याशी निजलेल्या कुत्र्याकडे कधी लक्षपूर्वक पाहिले आहे का? त्याचे पंजे मधूनच थरथरतात, मिशा हलतात, घशातून बारीक आवाज निघतो. पाळण्यातल्या तान्ह्या बाळाची बोटे आणि ओठही असेच हलतात. हा आजार नव्हे.

१९५३ साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की झोपेत ठरावीक काळाने असा टप्पा येतो ज्यात डोळ्यांची बुबुळे वेगाने फिरतात. ठळक स्वप्ने प्रामुख्याने याच टप्प्यात पडतात. पुढे १९५९ मध्ये फ्रान्समधील मिशेल जुव्हे यांनी मांजरांवरील प्रयोगांतून या झोपेचा आणखी एक विशेष नोंदवला. मेंदू जवळजवळ जागेपणाइतका कार्यरत असतानाही शरीराचे स्नायू मात्र शिथिल पडलेले असतात. मेंदूच्या तळाशी असलेला मस्तिष्कस्तंभ स्नायूंकडे जाणारे आदेश रोखून धरतो. म्हणूनच स्वप्नात आपण कितीही धावलो, तरी देह अंथरुणातच राहतो. हा बांध पूर्णपणे अभेद्य नसतो. त्यातून निसटलेला एखादा आदेश बोटांपर्यंत पोहोचतो आणि बोटे किंचित हलतात. अशी बारीक थरथर स्वाभाविक आहे.

पायरी चुकल्यासारखा झटका

दुसरी हालचाल बहुतेकांनी स्वतः अनुभवलेली असते. डोळा लागता लागता एकाएकी पायरी चुकल्यासारखे वाटते, सर्वांगाला झटका बसतो आणि आपण दचकून जागे होतो. जागेपणातून झोपेत उतरण्याच्या क्षणी स्नायू एकदम आकुंचन पावल्यामुळे हे घडते. झटका बहुधा एकच असतो. अतिश्रम, अपुरी झोप, मनावरचा ताण, रात्री उशिरा घेतलेला चहा किंवा कॉफी यांमुळे तो अधिक वेळा येतो. त्यापासून अपाय होत नाही. चहाची वेळ अलीकडे आणली आणि झोपेची वेळ नियमित ठेवली, की तो बहुधा कमी होतो.

ठरावीक अंतराने हलणारे पाय

तिसरा प्रकार निराळा आहे. झोप चांगली लागल्यानंतर पायाचा अंगठा वर उचलला जातो, घोट्यात पाऊल वर वळते, कधी गुडघाही दुमडतो. क्षणभराने पाय पूर्ववत होतो. साधारणतः २० ते ४० सेकंदांनी पुन्हा तेच घडते आणि असे कितीतरी वेळ चालते. ही हालचाल रात्रीच्या पूर्वार्धात अधिक असते. ज्याचे पाय हलतात त्याला बहुधा त्याचा पत्ताच नसतो; तक्रार करतो तो शेजारी झोपलेला माणूस.

यास ‘निद्रेतील आवर्ती अंगचलन’ असे म्हणता येईल. वाढत्या वयाबरोबर ते अनेकांत आढळते, आणि झोप मोडत नसेल तर उपचारांची गरज नसते. निद्रा-परीक्षणात प्रौढ व्यक्तीमध्ये अशा हालचाली तासाला १५ हून अधिक आणि मुलांमध्ये ५ हून अधिक आढळल्या, तसेच झोप मोडून दिवसा थकवाही येत असेल, तरच तज्ज्ञ त्यास विकार मानतात.

पोटरीत येणारा गोळा

मध्यरात्री पोटरीत एकाएकी जीवघेणी कळ येते. हात लावून पाहावे तर स्नायू दगडासारखा टणक झालेला असतो. याला आपण पोटरीत गोळा येणे, पेटका येणे किंवा वांब येणे असे म्हणतो. फार वेळ उभे राहणे, स्नायूंचा थकवा, शरीरातील पाणी कमी होणे, गर्भारपण, वाढते वय आणि लघवी वाढवणारी काही औषधे ही त्याची कारणे असू शकतात. अशा वेळी गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीच्या दिशेने ओढावे. स्नायू ताणला गेला की गोळा उतरतो. पूर्वी यावर क्विनाइन देत असत. परंतु त्याचे दुष्परिणाम गंभीर असू शकतात, म्हणून या कारणासाठी ते आता सर्रास दिले जात नाही.

पाय शिवशिवतात तेव्हा

आता सुरतच्या त्या आईकडे परत वळू. तिच्या पोटरीत गोळा येत नव्हता. झोपेत तिचे पाय हलत, हे खरे. पण तिचा खरा छळ होत होता तो झोप लागण्याआधी.

दुसऱ्यांदा दवाखान्यात जाताना तिची शिकणारी मुलगी बरोबर गेली. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या मुलीने विचारले, “आई, नेमके काय होते ते तुझ्या शब्दांत सांग. हिंदीचे मी बघते.”

आई थोडी थांबली. मग म्हणाली, “दुखत नाही गं. आतून शिवशिवतं. हाडाच्या आत मुंग्या वळवळाव्या तसं. पाय हलवल्याशिवाय राहवतच नाही.”

मुलीने हे सारे डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली आणि चार प्रश्न विचारले. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते का? स्वस्थ बसल्यावर किंवा पडल्यावर त्रास वाढतो का? चालल्याने, ताणल्याने तो कमी होतो का? दिवसापेक्षा संध्याकाळी व रात्री तो अधिक असतो का? चारही प्रश्नांना आईने मान डोलावली. सुजलेली शीर किंवा दुखरा सांधा यांसारखे दुसरे कारण नाही ना, हेही त्यांनी तपासून घेतले.

या विकाराला इंग्रजीत ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ असे नाव आहे. मराठीत त्याला ‘अस्वस्थ पायांचा विकार’ म्हणता येईल. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी सतराव्या शतकातच, १६७२ साली, त्याचे वर्णन केले होते. पुढे १९४५ मध्ये स्वीडनमधील मेंदूविकारतज्ज्ञ कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी त्याचा सविस्तर अभ्यास करून त्याला नाव दिले. म्हणून या दोघांच्या नावांनीही तो ओळखला जातो. हा विकार असलेल्या बहुसंख्य रुग्णांचे पाय झोपेतही ठरावीक अंतराने हलतात. नवऱ्याला बसणाऱ्या लाथांचा उलगडा येथे होतो.

या विकाराचे निदान यंत्राने किंवा एखाद्या रक्तचाचणीने होत नाही. ते रुग्णाच्या बोलण्यावरून होते. ‘दुखते’ म्हटले की एक वाट, ‘शिवशिवते’ म्हटले की दुसरी. आईचे पाय तेच होते, डॉक्टरही तेच होते. बदलला होता तो फक्त शब्द.

लोहाचा साठा आणि रात्रीची झोप

डॉक्टरांनी मग रक्त तपासायला सांगितले. तेही दोन गोष्टींसाठी – हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. निदान झाल्यावर केलेली ही चाचणी कारण शोधण्यासाठी होती. हिमोग्लोबिन हे रक्तात सध्या खेळणारे लोह दाखवते. फेरिटिन हे साठवणीतले लोह दाखवते. घरात आजच्या पोळ्यांपुरते पीठ असावे आणि कणगी मात्र रिकामी असावी, तसे काही वेळा शरीराचे होते. हिमोग्लोबिन ठीक असते, पण फेरिटिन खालावलेले असते.

मेंदूतील पेशींना डोपामिन नावाचे रसायन तयार करण्यासाठी लोह लागते. शरीराच्या हालचाली सुरळीत ठेवण्यात डोपामिनचा मोठा वाटा असतो. या विकाराच्या रुग्णांत मेंदूच्या काही भागांत लोह कमी असल्याचे संशोधनातून आढळले आहे. म्हणून प्रौढ रुग्णाचे फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल, तर तज्ज्ञ लोह देण्याचा विचार करतात. प्रयोगशाळेच्या अहवालात हाच आकडा ‘सर्वसाधारण’ म्हणून छापलेला असू शकतो. तेवढ्यावर समाधान मानून चालत नाही.

आपल्या देशाच्या दृष्टीने या गोष्टीला फार महत्त्व आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याच वयोगटातील पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. रक्तक्षयाचे एक मोठे कारण म्हणजे लोहाची कमतरता. मासिक पाळीतील रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे आणि सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले जेवण्याची सवय या साऱ्यांनी स्त्रीच्या शरीरातील कणगी रिकामी होत जाते. हा विकारही पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दुपटीने आढळतो. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो अनेकींना जाणवतो आणि बाळंतपणानंतर बहुधा नाहीसा होतो. तरीही ‘बाईमाणसाचे पाय दुखायचेच’ असे म्हणून तिची तक्रार उडवून लावली जाते.

आईचे फेरिटिन फार कमी निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “ताई, जेवणाबरोबर चहा घेऊ नका. दोहोंमध्ये तास-दीड तास जाऊ द्या.” चहामुळे अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही, लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. पालेभाज्या, कडधान्ये, अळीव आणि मांसाहार करणाऱ्यांसाठी मटण यांतून लोह मिळते. लोखंडी कढईत शिजवलेल्या अन्नातही थोडे लोह उतरते. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपल्याकडील रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे.

मात्र लोहाच्या गोळ्या रक्त न तपासता महिनोन्महिने घेऊ नयेत. लोह अधिक झाले तरी अपाय होतो. थॅलेसेमियासारख्या विकारांत तर विशेष काळजी घ्यावी लागते. शिवाय गोळ्या सुरू केल्याबरोबर आराम पडत नाही. रिकामी कणगी भरायला काही महिने लागतात. आईलाही तेवढे लागले. आता आठवड्यातून एखादी रात्र अजून येरझाऱ्यांत जाते. बाकीच्या रात्री ती झोपते.

इतर कारणे

अस्वस्थ पायांमागे प्रत्येक वेळी लोहाचीच कमतरता असते असे नाही. अनेक कुटुंबांत हा विकार आनुवंशिक असतो. मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या रुग्णांत तो वारंवार दिसतो. मधुमेहामुळे पायांचे चेतातंतू बिघडले तरी पाय भगभगतात किंवा बधिर होतात. सर्दीवरील झोप आणणाऱ्या काही गोळ्या, उलटीवरील व नैराश्यावरील काही औषधे यांनीही पायांची अस्वस्थता वाढू शकते. अशी शंका आल्यास औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावे. एकेकाळी या विकारावर डोपामिनसारखे कार्य करणारी औषधे सर्रास दिली जात. दीर्घकाळ घेतल्यास त्यांच्यामुळेच त्रास वाढू शकतो, हे लक्षात आल्यावर तज्ज्ञ आता ती जपून वापरतात.

मुलांच्या बाबतीतही सावध असावे. पाय शिवशिवतात हे लहान मुलाला सांगता येत नाही. ते अंथरुणात चुळबुळ करते, दिवसा चिडचिडे होते आणि वर्गात स्वस्थ बसत नाही म्हणून बोलणी खाते.

काही लक्षणे दिसल्यास मात्र विलंब करू नये. झोपेत सर्वांगाला आचके येणे, जीभ चावली जाणे, नकळत लघवी होणे ही अपस्माराची चिन्हे असू शकतात. जोराने घोरता घोरता श्वास अडणे आणि त्याबरोबर अंग हलणे हा झोपेतील श्वासरोधाचा परिणाम असू शकतो. स्वप्नातील मारामारी प्रत्यक्ष हातपाय झाडून करणे, विशेषतः पन्नाशीनंतर, हेही तज्ज्ञांना दाखवावे. यात मस्तिष्कस्तंभाचा तो बांधच दुबळा झालेला असतो. १९८६ मध्ये अमेरिकेत या विकाराचे वर्णन झाले आणि पुढे कंपवाताशी त्याचा संबंध स्पष्ट झाला. एकच पाय सुजला, लाल झाला आणि दुखू लागला, तर रक्तवाहिनीत गुठळी असण्याची शक्यता असते. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पाय हलणे हे एक चिन्ह आहे. त्याचा अर्थ संदर्भावरून लागतो. केव्हा हलतात, कसे हलतात, हलवल्याने बरे वाटते की नाही, हे ज्याला नेमके सांगता येते, त्याचा निम्मा मार्ग तेथेच सरतो. आणि ज्याला सांगता येत नाही, त्याच्याजवळ बसून ‘तुझ्या शब्दांत सांग’ असे म्हणणारे कुणीतरी घरात असावे लागते.

शब्दार्थ

येरझारा घालणे – पुन्हा पुन्हा ये-जा करणे
वेदनाशामक – दुखणे कमी करणारे
मस्तिष्कस्तंभ – मेंदू व मज्जारज्जू यांना जोडणारा मेंदूचा भाग
शिथिल – सैल, ढिले
अभेद्य – भेदता न येणारा
आवर्ती – पुन्हा पुन्हा येणारे
नडगी – गुडघा व घोटा यांमधील पुढील हाड
निदान – रोग ओळखणे
कणगी – धान्य साठवण्याचे साधन
चेतातंतू – संवेदना व आदेश वाहून नेणारे तंतू
अपस्मार – फेफरे, मिरगी
कंपवात – हातपाय कापणे, हालचाली मंदावणे असा मेंदूचा विकार

पाठगत प्रश्न १८.१

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. डोळ्यांची बुबुळे वेगाने फिरणाऱ्या झोपेचा शोध ______ साली लागला.
२. साठवणीतले लोह ______ या चाचणीने समजते.
३. पोटरीत गोळा आल्यास पाऊल ______ दिशेने ओढावे.

(आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. झोप लागताना बसणारा एखादा झटका धोकादायक असतो.
२. अस्वस्थ पायांचा त्रास चालल्याने कमी होतो.
३. जेवणाबरोबर चहा घेतल्याने लोह अधिक शोषले जाते.

१८.२ चला, समजून घेऊ या

हा पाठ माहितीपर लेखाचा नमुना आहे. लेखकाने आरंभीच एका आईचे चित्र उभे केले आहे. परंतु ती काल्पनिक आहे हे लपवलेले नाही. तिच्या निमित्ताने वाचकाच्या मनात एक प्रश्न निर्माण होतो. मग लेखक लगेच उत्तर न देता स्वाभाविक हालचालींकडून विकारांकडे एकेक पायरी चढत जातो. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी ही मांडणी माहितीपर लेखनात उपयुक्त ठरते.

अवघड गोष्ट परिचित वस्तूच्या आधाराने कशी सांगावी, हेही येथे पाहण्यासारखे आहे. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन यांतील फरक आजच्या पोळ्यांचे पीठ आणि कणगी यांच्या तुलनेने चटकन ध्यानात येतो.

पाठाचा गाभा आहे तो शब्दांच्या नेमकेपणात. आईजवळ योग्य शब्द मराठीत होता. तो दवाखान्यापर्यंत पोहोचला नव्हता. आपल्यापैकी अनेक जण परभाषिक शहरांत राहतात. तेथे दुसऱ्या भाषेतले एखादे मोघम वाक्य वापरून आपण वेळ निभावून नेतो. अशा वेळी आधी स्वतःच्या भाषेत अनुभव नीट मांडून घ्यावा आणि मग त्याचे भाषांतर करावे, असे हा पाठ सुचवतो.

१८.३ भाषाभ्यास

(क) संवेदनावाचक शब्द
मराठीत शरीराच्या अनेक संवेदनांना वेगवेगळे शब्द आहेत. पुढील शब्दांचे अर्थ लक्षात घ्या.
शिवशिवणे – काही केल्याशिवाय राहवू नये अशी चाळवाचाळव होणे
मुंग्या येणे – दबलेल्या अवयवात टोचल्यासारखे वाटणे
ठणकणे – राहून राहून ठोके पडल्यासारखे दुखणे
भगभगणे – आग होणे
बधिर होणे – स्पर्श न जाणवणे
कळ येणे – एकाएकी तीव्र दुखणे

(ख) ‘अस्वस्थ’ हा शब्द
‘स्व’ म्हणजे स्वतः आणि ‘स्थ’ म्हणजे राहणारा. जो स्वतःच्या ठायी स्थिर आहे तो स्वस्थ. ‘अ’ या उपसर्गामुळे नकाराचा अर्थ येतो. याच पद्धतीने तयार झालेले शब्द – अस्थिर, अशांत, अनियमित.

(ग) झोपेविषयीचे वाक्प्रचार
डोळा लागणे – झोप लागणे
डोळ्याला डोळा न लागणे – मुळीच झोप न येणे
झोप उडणे – काळजीने झोप नाहीशी होणे
झोपेचे खोबरे होणे – झोपेचा पूर्ण विचका होणे

पाठगत प्रश्न १८.२

१. मधुमेहात तळपायांची आग होते. यासाठी योग्य क्रियापद कोणते?
२. ‘अशांत’ या शब्दातील उपसर्ग ओळखा.
३. ‘शेजारच्या लग्नातील वाजंत्रीमुळे आमच्या ______.’ योग्य वाक्प्रचार वापरून वाक्य पूर्ण करा.

तुम्ही काय शिकलात?

• झोपेतील बारीक थरथर आणि झोप लागतानाचा एखादा झटका स्वाभाविक असतो.
• ठरावीक अंतराने होणारी पायांची हालचाल झोप मोडत असेल व दिवसा थकवा येत असेल, तरच उपचारांचा विचार करावा लागतो.
• गोळा येणे म्हणजे टणक झालेल्या स्नायूची कळ. अस्वस्थ पायांच्या विकारात मात्र हलवण्याची अनावर इच्छा असते.
• या विकारामागे अनेकदा लोहाची कमतरता असते; हिमोग्लोबिन ठीक असले तरी फेरिटिन कमी असू शकते.
• लक्षणे नेमक्या शब्दांत सांगणे हा उपचारांचा पहिला टप्पा आहे.

पाठान्त प्रश्न

१. अस्वस्थ पायांचा विकार ओळखण्यासाठी डॉक्टरांनी कोणते चार प्रश्न विचारले?
२. पोटरीत गोळा येणे आणि पाय शिवशिवणे यांतील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.
३. ‘बदलला होता तो फक्त शब्द’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
४. स्त्रियांत लोहाची कमतरता अधिक का आढळते? तुमच्या परिसरातील अनुभवाच्या आधारे लिहा.
५. झोपेत पाय हलत असताना कोणती लक्षणे दिसल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे?
६. उपक्रम : घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ बसा. त्यांच्या दुखण्याचे वर्णन त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्रास केव्हा सुरू होतो, कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो, हे त्यात असू द्या. डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्या.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१८.१ (अ) १. १९५३, २. फेरिटिन, ३. नडगीच्या
(आ) १. चूक, २. बरोबर, ३. चूक
१८.२ १. भगभगणे, २. अ, ३. झोपेचे खोबरे झाले